घणाखालचा ‘निष्काळजीपणा’ कोणाचा?

फोर्जिंगच्या कारखान्यात अपघात झाला की त्याच्या चौकशीचा निष्कर्ष बहुधा चौकशीपूर्वीच तयार असतो. डाय बदलताना रॅम निसटला आणि हेल्परचा हात मनगटापासून गेला. थंडावलेला जॉब घणाखाली फुटला आणि त्याचा तुकडा पोटात घुसला. पेडलवर चुकून पाय पडला आणि उसळलेल्या सांडशीने बरगड्या मोडल्या. घटना कोणतीही असो, अहवालाच्या तळाशी वाक्य एकच असते : ‘सदर कामगाराने सुरक्षिततेच्या नियमांचे पालन केले नाही.’ दरवर्षी ४ मार्चला ज्या फाटकावर राष्ट्रीय सुरक्षा दिनाची पताका चढते, त्याच फाटकाच्या आत हे वाक्य लिहिले जाते, आणि व्यवस्थापनाला त्यात कोणतीही विसंगती दिसत नाही.

हे वाक्य म्हणजे निरीक्षण नव्हे, तो निकाल आहे; आणि या निकालाला बाजारात किंमत आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक अट होती. कामगार नशेत असताना, किंवा सुरक्षिततेसाठी दिलेल्या स्पष्ट आदेशाची त्याने बुद्धिपुरस्सर अवज्ञा केल्यामुळे, किंवा सुरक्षेचे साधन त्याने बुद्धिपुरस्सर काढून टाकल्यामुळे इजा झाली असेल, तर भरपाईची जबाबदारी मालकावर नाही. मृत्यू आणि, पुढील दुरुस्तीनंतर, कायमचे संपूर्ण अपंगत्व एवढेच या अटीतून वगळले गेले. हीच अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरली आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली आहे. आता घणाखाली होणाऱ्या इजांचे स्वरूप पाहा. बोटे जातात, पंजा जातो, एक डोळा जातो. कायद्याच्या भाषेत हे ‘अंशतः’ अपंगत्व! म्हणजे अट लागू पडते ती नेमकी येथेच. साधा निष्काळजीपणा हा कायद्याने मालकाचा बचाव होऊ शकत नाही. म्हणून त्या शब्दाला हळूहळू ‘अवज्ञे’कडे ढकलीत नेणे हे अहवाल लिहिणाऱ्याचे कौशल्य ठरते. जेथे कामगारांना राज्य विमा योजनेचे संरक्षण आहे तेथे भरपाईचा मार्ग वेगळा आहे; पण कंत्राटदाराच्या वहीत ज्याचे नावच नाही, त्याला विम्याचे कार्ड दाखवून काय उपयोग?

आपले पुष्कळ वाचक रेल्वेत, बँकांत, खाणींत किंवा शेतमजुरांमध्ये काम करतात. त्यांच्यासाठी हे यंत्र आधी समजावून सांगणे अवश्य आहे, कारण या यंत्राचे स्वरूप समजल्याशिवाय मालकांच्या वाक्यातील असत्य ध्यानात येणार नाही.

गावच्या लोहाराजवळ ऐरण असते, घण असतो, सांडशी असते. फोर्जिंग हॅमर म्हणजे याच तीन वस्तूंचे राक्षसी रूप होय. खाली शेकडो मण वजनाची ऐरण जमिनीत रोवलेली. तिच्यावर अर्धा साचा, म्हणजे खालची डाय, पाचरी ठोकून बसविलेली. वर दोन खांबांमधील खाचांतून सरकणारा एक, दोन, पाच टनांचा पोलादी ठोकळा, त्याला रॅम म्हणतात. त्याच्या पोटाला वरची डाय, तीही पाचरीनेच धरलेली. काही हॅमरांत हा ठोकळा पट्ट्याने किंवा फळीने वर उचलून नुसता सोडून देतात. बहुतेक मोठ्या हॅमरांत वाफेचा किंवा दाबलेल्या हवेचा सिलिंडर त्याला वर नेतो आणि खाली येताना जोर देतो. भट्टीत सुमारे १२०० अंशांपर्यंत तापविलेला पोलादाचा तुकडा, म्हणजे बिलेट, सांडशीने आणून डायवर ठेवायचा, पेडल दाबायचे, घाव घालायचा, तुकडा उलटायचा किंवा पुढच्या खाचेत सरकवायचा, पुन्हा घाव. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, ॲक्सल, गिअरचे कच्चे गोळे, पाने, पक्कडी हे सारे याच पद्धतीने आकाराला येते. मुंढवा-चाकणच्या पट्ट्यात, लुधियाना-जालंधरच्या हत्यारे बनविणाऱ्या शेडमध्ये, फरिदाबादेत, राजकोटला, जमशेदपूरच्या आसपास, सर्वत्र हाच ठोका चालू आहे. रस्त्यावरून धावणारे असे एकही वाहन नाही ज्याच्या पोटात हा घाव खाल्लेला भाग नाही.

या यंत्राचा धोका त्याच्या शक्तीत आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः धोका आहे तो शक्ती नियंत्रणाबाहेर जाण्यात, आणि त्या क्षणी माणूस तिच्या मार्गात असण्यात. वाफेच्या हॅमरचे चित्र इंग्लंडच्या जेम्स नॅस्मिथने १८३९ साली आपल्या वहीत काढले आणि १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. फ्रान्समध्ये ल क्रझो येथे बूर्दाँ याने तत्पूर्वीच असा हॅमर उभारला होता. या नव्या यंत्राचे प्रदर्शन करताना मद्याच्या पेल्यात अंडे ठेवून, पेल्याला तडा जाऊ न देता केवळ अंड्याचे कवच फोडून दाखवीत असत. ग्रॅनाइटचा पीठ करणारा हा राक्षस मऊ लाकडात खिळाही अलगद ठोकू शकतो, या वैशिष्ट्याची नोंद खुद्द मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, यंत्रांवरील प्रकरणात घेतलेली आहे. तेव्हा आम्ही विचारतो : जे यंत्र पावणेदोनशे वर्षांपूर्वी पेला न फोडता अंडे फोडू शकत होते, ते आज हेल्परचा हात तेथे असताना थांबू का शकत नाही? घणाला आवर घालण्याची विद्या माणसाजवळ नाही, असे मालकांना म्हणता येणार नाही. विद्या आहे. तिच्यावर खर्च करण्याची इच्छा नाही. (याच नॅस्मिथने १८५१ च्या इंजिनिअरिंग कामगारांच्या संपानंतर स्वयंचलित यंत्रे आणून कामगारसंख्या कशी घटविली हे एका शाही आयोगापुढे अभिमानाने सांगितले होते, आणि मार्क्सने त्याची ती साक्ष नेमकी उचलली आहे. यंत्राचा जनक आणि यंत्राचा मालक हे एकच असले की काय होते याचा तो धडा आहे.)

आता सुरक्षित चालनाचे नियम घेऊ. हे नियम आम्हाला मान्य आहेत. इतकेच नव्हे, तर मालकांना ते जितके पाठ आहेत त्यापेक्षा हॅमरवरच्या जुन्या कामगाराला अधिक पाठ आहेत, असे आमचे ठाम मत आहे.

पहिली बाब डाय बदलण्याची. अत्यंत भीषण अपघात येथेच होतात, कारण येथे माणसाला प्रत्यक्ष रॅमखाली हात, खांदे, कधी डोकेही न्यावे लागते. नियम असा की आधी हवेचा किंवा वाफेचा मुख्य व्हॉल्व बंद करायचा व त्याला कुलूप लावायचे; सिलिंडरात अडकून राहिलेला दाब सोडून द्यायचा; आणि रॅमखाली भक्कम टेकू उभा करायचा. तोही जे सापडेल त्या लाकडाचा नव्हे, तर त्या वजनासाठी मोजून बनविलेला. ज्या कारखान्यात व्हॉल्व झिजलेला आहे तेथे रॅम एकदम पडत नाही; तो चोरासारखा बोटबोट खाली येतो आणि शेवटच्या वीतभर अंतरात धाडकन बसतो. टेकू नसेल तर त्या वीतभर अंतरात काय असेल ते सांगण्याची आवश्यकता नाही. हे सारे विधिपूर्वक करण्यास वेळ लागतो. टेकू शोधावा लागतो, कारण तो बहुधा आपल्या जागी नसतो. कुलूप आणावे लागते. दाब उतरेपर्यंत थांबावे लागते. आणि डाय बदलण्याचा सगळा काळ उत्पादनाच्या तक्त्यावर ‘बंद वेळ’ या सदरात, लाल शाईने, मांडला जातो!

दुसरी बाब डाय तापविण्याची. थंड डाय ठिसूळ असते. तिला दीडशे-दोनशे अंशांपर्यंत ऊब दिल्यावाचून पहिला घाव घालू नये, नाहीतर ती तडकते आणि तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. सकाळच्या पाळीला हे तापविणे म्हणजे निरुत्पादक वेळ. तिसरी बाब जॉबच्या उष्णतेची. भट्टीतून काढलेला तुकडा डायपर्यंत पोचेतो लाल पडला, तर तो बाजूला टाकून परत भट्टीत घालायचा. थंड पोलादावर घातलेला घाव धातूला वाकवीत नाही, तो रॉडला, डायला आणि माणसाला मोडतो. पण परत भट्टीत घातलेला तुकडा मोजला जात नाही. भट्टी अपुरी असेल, तिचे बर्नर निम्मे बंद असतील, तर ‘बाजूला टाका’ हा नियम पाळणारा कामगार पाळीच्या अखेरीस कमी नग दाखवितो आणि त्याचा प्रोत्साहन भत्ता जातो. मग पाचरी. प्रत्येक काही घावांनंतर पाचर सैल पडली का ते पाहायचे. सैल पाचर म्हणजे सुटलेली डाय. पाहण्यासाठी थांबावे लागते. स्केल, म्हणजे तापलेल्या पोलादावरचा पोपडा, तो डायमधून फुंकून काढायचा, लांब दांड्याच्या झाडणीने, हाताने नव्हे. त्यालाही क्षण लागतो. सांडशीच्या मुठी पोटासमोर न धरता अंगाच्या बाजूला धरायच्या, म्हणजे घावाचा धक्का आला तर दांडा पोटात न जाता बाजूने निघून जाईल. पण ज्या मापाची सांडशी हवी ती नसेल आणि आखूड सांडशीने काम ओढावे लागत असेल, तर बाजूला धरणार कोठून?

पाहा, एकेका नियमाची किंमत एकेक मिनिट, काही ठिकाणी अर्धा तास आहे. नियम भिंतीवर आहेत, मिनिटे मात्र मालकाच्या खिशात आहेत. ताशी इतके नग, पाळीला इतके नग, हा आकडा ठरविताना टेकूची मिनिटे, डाय तापविण्याची मिनिटे, परत भट्टीत टाकलेल्या तुकड्यांची मिनिटे त्यात धरली जातात काय? जेथे धरली जात नाहीत तेथे नियमभंग हा कामगाराच्या स्वभावाचा दोष नसून उत्पादनाच्या योजनेचा अंगभूत भाग आहे. तो न सांगता दिलेला आदेश आहे. सुपरवायझर ‘टेकू लावू नकोस’ असे कधीच म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो, ‘अजून किती वेळ?’

कामगारालाच दोषी ठरविण्याची ही विद्या स्वदेशी नाही. तिला जुनी परंपरा आहे. १८४४ च्या इंग्लंडमधील फॅक्टरी कायद्याने फिरत्या दांड्यांना कठडे घालण्याचे बंधन आणले, तेव्हा गिरणीमालकांनी १८५५ साली मँचेस्टरला संघटना उभारून त्या बंधनाविरुद्ध युद्ध पुकारले. अपघात हे मजुरांच्या स्वतःच्या बेपर्वाईने होतात, कठड्यांचा खर्च व्यर्थ आहे, हीच त्यांची भूमिका होती. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकाने, आणि तो काही कम्युनिस्ट नव्हता, या संघटनेचे नामकरण मजुरांना चिरडणाऱ्यांचा संघ अशा अर्थाच्या नावाने केले. पुढे १९३१ साली अमेरिकेत हाइनरिख नावाच्या गृहस्थाने या बेपर्वाईला शास्त्राचे रूप दिले. शंभरातील ८८ अपघात कामगाराच्या असुरक्षित कृतीमुळे होतात असा त्याचा सिद्धांत. हे गृहस्थ एका विमा कंपनीच्या सेवेत होते आणि त्यांचा आधार म्हणजे विम्याच्या दाव्यांची व कारखान्यांची दप्तरे. म्हणजे ज्या अहवालांच्या तळाशी ‘कामगाराचा दोष’ असे फोरमनने लिहिले, तेच अहवाल मोजून कामगाराचा दोष सिद्ध झाला! हा ८८ चा आकडा आजही आपल्याकडील सुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गांत गीतेतील श्लोकासारखा सांगितला जातो.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने भाषांतरकार आहे. यंत्रशास्त्र त्याचा विषय नव्हे. परंतु भाषांतर करणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी अभियंत्याला बहुधा दिसत नाही : वाक्याचा कर्ता कोण. एका युनियनसाठी हॅमर विभागाच्या सुरक्षा-पुस्तिकेचे मराठीकरण करण्याचे काम मध्यंतरी या लेखकाकडे आले होते. पुस्तिका मूळ व्यवस्थापनाची. तिच्यातील प्रत्येक वाक्य आज्ञार्थी होते : हात घालू नका, पेडलवर पाय ठेवू नका, गॉगल वापरा, टेकू लावा, घाई करू नका. सुमारे साठ वाक्ये, आणि साठांचाही कर्ता अध्याहृत ‘तुम्ही’. ‘कंपनी टेकू पुरवील’ असे एकही वाक्य नाही. ‘कंपनी झिजलेला व्हॉल्व बदलील’ नाही. ‘घाई करू नका’ या वाक्यापुढे, घाई कोणी लावली याचा मागमूस नाही. मराठी क्रियापदाला कर्ता हवाच असतो. तो लपविला तरी प्रत्ययातून डोकावतो. मालकांची भाषा मात्र अशी की तीत कर्ता सदैव कामगार असतो आणि कर्म त्याच्या नशिबी असते.

आता कायद्याचे वाक्य पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्याचे २१ वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण असलेच पाहिजे असे सांगत होते, आणि जबाबदार धरीत होते ते कारखान्याच्या भोगवटादाराला. भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ७-अ आणले : कामगारांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची काळजी घेणे हे भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य आहे, त्यात यंत्रांची सुस्थिती, प्रशिक्षण आणि देखरेख हे सारे आले. त्याच दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांची जी सूची जोडली, तीत ओतशाळांच्या सदराखाली ओतकामाबरोबर फोर्जिंगचीही नोंद आहे. या नोंदीमुळे कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती हा फोर्जिंग कामगाराचा कायदेशीर हक्क झाला होता. किती फोर्जिंग शेडमध्ये ती समिती कागदाबाहेर अस्तित्वात होती, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गावी विचारून पाहावे.

अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही फोर्जिंग यंत्रांसाठी स्वतंत्र नियम आहेत. वाफेच्या वा हवेच्या प्रत्येक हॅमरला रॉड तुटल्यास धक्का झेलणारे सुरक्षित सिलिंडर-झाकण हवे. वाफेच्या मार्गावर सहज हात पोचेल अशा जागी झटपट बंद होणारा व्हॉल्व हवा आणि डाय बदलताना तो बंद करून कुलूपबंद हवा. पायाने चालणारे प्रत्येक पेडल अनवधानाने दाबले जाणार नाही असे झाकलेले हवे. हे नियम तेथील मालकांच्या दयाबुद्धीतून जन्मले नाहीत, ते तेथील कामगारांच्या लढ्यांनी वसूल केले. ध्यानात घेण्याजोगे हे की त्या नियमांचा कर्ता ‘कामगार’ नाही. कर्ता आहे यंत्र, व्हॉल्व, पेडल. झाकलेल्या पेडलवर दमलेल्या माणसाचा पाय चुकून पडला तरी घण पडत नाही. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून यंत्र बनवावे ही खरी शास्त्रीय दृष्टी. माणूस चुकताच कामा नये हे गृहीत धरून यंत्र स्वस्त ठेवावे ही मालकी दृष्टी.

आपले सत्ताधारी मात्र उलट दिशेने निघाले आहेत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्याच आकसून टाकली. विजेवर चालणाऱ्या जागेत पूर्वी दहा कामगार असले की तो कारखाना. आता वीस हवेत. दहा ते एकोणीस माणसांची हातहत्यारांची शेड ‘आस्थापना’ राहील, पण ‘कारखाना’ राहणार नाही. एका हॅमरवर चार-पाच माणसे लागतात. दोन हॅमर आणि एक भट्टी असलेली शेड या नव्या व्याख्येतून सहज निसटते. घण मात्र व्याख्या पाहून हलका होत नाही. पूर्वीचा निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे आणि कोणत्या कारखान्याची तपासणी करावयाची ते संगणकाने सोडत काढून ठरवावयाचे आहे. (या पदनामाचे मराठीकरण करताना लेखणी अडखळते. झडती घेणाऱ्यालाच पाहुणचाराचे काम दिल्यावर त्याला काय म्हणावे?) मृत्यूबद्दलचा दंड वाढविला, किमान २५,००० वरून पाच लाखांवर नेला, असे सरकारचे प्रवक्ते सांगतात. ते खरे आहे, आणि त्या दंडातील निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते हेही खरे. परंतु दंड होण्यासाठी खटला व्हावा लागतो, खटल्यासाठी तपासणी, आणि तपासणीसाठी निरीक्षक.

भाषेचा प्रश्नही येथेच घेतला पाहिजे, कारण देशभर विखुरलेल्या आपल्या वाचकांना तो अनुभवाचा आहे. जुन्या कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावयाच्या होत्या. बहुसंख्य! पुण्याच्या पट्ट्यात फलक मराठीत, आणि रॅमखाली हात घालणारा कंत्राटी हेल्पर ओडिशाचा किंवा बिहारचा. सुरतेच्या कापडधंद्यात गेलेल्या खानदेशी कामगाराने याच अवस्थेची दुसरी बाजू भोगलेली आहे. तेथे फलक गुजरातीत आणि वाचणारा आपला माणूस. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत नव्या, सर्वांत अल्पसंख्य, सर्वांत कमी भाषा समजणाऱ्या माणसाकडे जाते, हा कंत्राटी पद्धतीचा नियमच आहे. हॅमरवर तर भाषा मुळातच बुडालेली असते. तेथील आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. मनुष्यवाणी ऐकू येत नाही, खुणांवर आणि नजरेवर काम चालते. हॅमर चालविणारा आणि सांडशी धरणारा यांच्यात घाव कधी घालायचा याचा इशारा एका मानेच्या हालचालीत असतो. ही समज वर्षानुवर्षे एकत्र काम करून येते. दर महिन्याला हेल्पर बदलणारा कंत्राटदार ही समज मोडतो आणि मग चौकशीत ‘समन्वयाचा अभाव’ असे शुद्ध मराठीत लिहितो. आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य रोग मानलेले आहे; तरी वीस वर्षे घणाशेजारी उभे राहून बहिरा झालेला कामगार घरच्यांना ‘वयामुळे ऐकू येत नाही’ असे सांगतो, कारण त्याची श्रवणतपासणी कोणी केलेलीच नसते.

येथे आपल्याच काही साथींचा आक्षेप येईल, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात : कामगार खरेच गॉगल काढून ठेवतात, पेडलवरचे झाकण आड येते म्हणून स्वतः काढतात, नव्या पोराला जुने कामगारच ‘घाबरतोस काय’ म्हणून हिणवितात. हे खरे आहे. घामाने आणि वाफेने धुरकटलेल्या गॉगलमधून लाल पोलादाचा रंग ओळखता येत नाही म्हणून तो काढला जातो, हेही तितकेच खरे आहे. पण मर्दुमकीचा भाग नाही असे नाही. ती मर्दुमकी शिक्षणाने मोडून काढणे हे युनियनचे काम आहे, मालकाच्या नोटिसीचे नव्हे. आणि याहून कडू गोष्ट अशी की अनेक ठिकाणी आपल्याच युनियननी उत्पादकता करार करताना नगांच्या संख्येवर भत्ता मागितला, वाढवून घेतला, विजयसभा घेतल्या. आणि त्या संख्येत डाय बदलण्याची मिनिटे धरली आहेत की नाहीत हे तपासले नाही. भत्त्याचा प्रत्येक जादा रुपया कोठल्या नियमाच्या मिनिटातून काढला गेला हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर आपण विचारला नाही, तर मालक तो विचारणार नाही. मिनिटे विकून रुपये घेतले की नियमभंग आपल्याही सहीने होतो. अशा ठिकाणी ‘निष्काळजी कामगार’ या वाक्याला आपण मोठ्याने विरोध करतो खरा, पण आतून आपला आवाज दबलेला असतो.

म्हणून आगामी करारांत हा मुद्दा वेतनवाढीच्या खाली, शेवटच्या पानावर नव्हे, तर वेतनवाढीच्या बरोबरीने आला पाहिजे. डाय बदलणे, डाय तापविणे, पाचर तपासणे, परत भट्टीत टाकलेले तुकडे, या सर्वांचा काळ हा उत्पादनाचाच काळ मानून त्याचा पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे. तो ‘बंद वेळ’ या सदरातून कायमचा काढून टाकला पाहिजे. टेकू, कुलूप, मापाच्या सांडश्या हॅमरगणिक, हॅमरच्या शेजारी, क्रमांक घालून ठेवल्या गेल्या पाहिजेत. आणि हॅमर थांबविण्याचा अधिकार हॅमरवरच्या माणसाचा असला पाहिजे. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला; नव्या संहितेतही सूचना देण्याचा हक्क आहे. सूचना! थांबण्याचा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ वा करार, जो २०२२ साली मूलभूत करारांच्या पंक्तीत बसविण्यात आला, स्पष्ट सांगतो की गंभीर व तातडीचा धोका आहे असे रास्तपणे वाटून कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. कायद्यात तो हक्क येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जेथे संघटना भक्कम आहे तेथे तो करारात लिहून घेता येतो, आणि कायम कामगाराबरोबर कंत्राटी हेल्परलाही तो लागू आहे असे त्याच वाक्यात लिहून घेतले पाहिजे.

चौकशीच्या बाबतीतही आपली मागणी निश्चित हवी. अपघाताची चौकशी करणाऱ्या समितीपुढे अपघातग्रस्ताच्या जबाबाआधी चार कागद आले पाहिजेत : त्या पाळीचा नगांचा आकडा, त्या हॅमरच्या व्हॉल्वची व रॉडची शेवटची दुरुस्ती कधी झाली त्याची नोंद, हेल्परच्या भरतीची तारीख, आणि त्याला प्रशिक्षण दिल्याची, त्याला समजणाऱ्या भाषेतील, त्याच्या सहीची पावती. हे चार कागद समोर नसताना समितीवरील आपल्या प्रतिनिधीने अहवालावर सही करू नये. सही नाकारल्याबद्दल त्याची बदली झाली, तर ती बाब त्याच दिवशी विभागीय समितीकडे कळवावी आणि फाटकसभेत जाहीर करावी.